कोरडा लाल

मे महिन्यात धंतोलीतल्या आमच्या लॅबमध्ये
लाल झाल्याशिवाय कुणी येतच नाही.
दुपट्टा सोडतात, कूलरसमोर उभे राहतात,
मानेवरचे ओघळ पुसत म्हणतात,
थांबा हो मॅडम, मग टोचा.

निखारेंना पुसायला काही नव्हतं.
कपाळापासून गळ्याच्या खाचेपर्यंत
बीट चिरलेला हात कुणी फिरवावा
तसे ते माझ्यासमोर पेटले,
आणि कातडी कोरडी, पापडासारखी.
मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं.
मग रंग आपोआप उतरला.

गोळीबार चौकात त्यांचं सावजी भोजनालय,
सात टेबलं, एक भट्टी,
आणि बारा वर्षं ज्याचं त्याचं निदान:
लाली ती धगीनं,
दिवसाला आठदा संडास ती तिखटानं,
छातीतली शिट्टी मिरचीच्या ठसक्यानं.
मोहल्ला मात्र अंगठा ओठाकडे नेऊन
नुसताच हसायचा.
"मॅडम, मी थेंब घेत नाई,"
मी काहीही विचारलेलं नसताना ते म्हणाले.

मेडिकलच्या बागडे डॉक्टरांनी
त्यांना श्वास आत ओढायला लावला,
तेव्हा छातीच्या हाडाच्या खालच्या कडेला
एक फुरफुर मोठी झाली.
त्यांनी नळी तिथंच ठेवली, बराच वेळ.
मग चिठ्ठीवर एकच ओळ:
चोवीस तासांची लघवी.

मी काळा कॅन दिला.
तळाशी ॲसिड आहे, झाकण उघडताना तोंड लांब ठेवा.
तीन दिवस केळं नाही, अननस नाही, अक्रोड नाही,
टमाटर नाही, वांगं नाही.
"वांगं नाई?"
जणू मी आडनाव बदलायला सांगितलं.
"मंग रस्सा चाखाचा कसा?"
पोराला चाखू द्या.
सकाळची पहिली टाकून द्या,
मग थेंबन् थेंब, दुसऱ्या सकाळच्या पहिलीपर्यंत.
आणि बर्फात ठेवा, आपल्या गावचं ऊन माहीत आहे ना.

पहिला कॅन निम्मासुद्धा नव्हता.
"इतवारीत मसाला घ्याले गेलतो," ते खाली पाहून म्हणाले,
"एकदा तिकडंच, भिंतीले..."
सगळं मोरीत ओतलं. ते बघत उभे होते.
खोटं बोलले असते तर मला कळलंही नसतं.

दुसरा आला मटणाच्या बर्फपेटीतून,
सायकलरिक्षात मांडीवर धरून.
सोळाशे पन्नास मिली.

सातपर्यंत चालतं.
त्यांचं त्र्याण्णव.
कंट्रोल तपासला, पुन्हा लावलं.
एक्क्याण्णव.
आतड्याच्या शेवटच्या वळणावर ते
वाटाण्याएवढंसुद्धा असेल.
पण असा चेहरा पेटवायचा
तर बहुतेकदा त्यानं यकृत गाठलेलं असतं.
एवढं मला ठाऊक,
आणि हे मी सांगायचं नसतं.
मी सही करते, शिक्का मारते, पाकीट चिकटवते.

रिपोर्ट न्यायला मैनाबाई आल्या.
पाकीट उलटंसुलटं केलं.
"काय लिवलं यात?"
डॉक्टर सांगतील.
"एकच सांगा. हे पेल्यानं होते काय?"
नाही.
"जराबी नाई?"
जराही नाही.

त्या बाकावर बसल्या.
कूलरचं पाणी संपलं होतं, नुसता पंखा खडखडत होता.
"बारा वर्सं," त्या म्हणाल्या,
"रोज राती हे झोपले का
वाकून तोंडाचा वास घेत होती मी."

कशाचा यायचा?
मी का विचारलं, कुणास ठाऊक.

"लवंगेचा. दगडफुलाचा.
मले वाटे,
लपवाले चावतेत."